निळसर काच काढलेला कॅनन 600डी: तेजोमेघांच्या फोटोसाठी किती कामाचा?

कॅनन 600डी बाजारात आला 2011 मध्ये. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी तो कधीच बाजूला ठेवला, यूट्यूबवाल्यांनीही सोडला. तेजोमेघ टिपणाऱ्या हौशी मंडळींत मात्र त्याला अजून मागणी आहे, आणि तीही सेन्सरसमोरची एक काच काढून टाकलेल्या, म्हणजे मॉडिफाय केलेल्या बॉडीला. इथे परीक्षण आहे ते अशाच बॉडीचं. निष्कर्ष आधीच सांगतो: लाल तेजोमेघांसाठी हा बदल खरोखर फरक पाडतो, बाकी आकाशासाठी जवळपास काहीच नाही. आणि ज्याच्याकडे अजून ट्रॅकर (तारे सरकतात तसा कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही, त्याने कॅमेऱ्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

आधी कारण पाहू. रोझेट, कॅलिफोर्निया, नॉर्थ अमेरिका, अश्वमुखामागचा पडदा हे सगळे तेजोमेघ प्रामुख्याने हायड्रोजनच्या एकाच रेषेत चमकतात: हायड्रोजन-अल्फा, 656.3 नॅनोमीटर. गडद लाल. सिलिकॉनचा सेन्सर तिथे चांगला बघतो, किंबहुना त्याच्याही पुढे, अवरक्तात हजार नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत बघतो. आपला डोळा मात्र 650 च्या पुढे जवळपास आंधळा असतो. त्यामुळे माणसांच्या कातडीचा रंग नीट यावा म्हणून कंपनी सेन्सरसमोर निळसर झाक असलेली काच बसवते आणि ती काच गडद लाल हळूहळू कापत नेते. 656 पर्यंत येईतो जेमतेम पाव हिस्सा प्रकाश उरतो. दिवसाच्या फोटोसाठी हे अगदी बरोबर आहे, तेजोमेघांसाठी तितकंच घातक. ती काच गेली की त्या रेषेतला प्रकाश साधारण चौपट होतो.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. कॅननने 2005 मध्ये 20डीए, 2012 मध्ये 60डीए आणि 2019 मध्ये ईओएस आरए हे खास आकाशासाठीचे कॅमेरे काढले. निकॉनचा डी810ए 2015 चा. चारही आता बंद आहेत. 60डीए आणि 600डी दोन्ही 18 मेगापिक्सेलच्या एकाच पिढीतले, त्यामुळे नीट मॉडिफाय केलेला 600डी कामगिरीत 60डीएच्या फार मागे राहत नाही. दुर्मीळ म्हणून 60डीएला जो जादा भाव सांगितला जातो, तो मुख्यतः नावाचा असतो.

बॉडीचे आकडे, पुढच्या हिशोबासाठी: सेन्सर 22.3 × 14.9 मिमी, 5184 × 3456 पिक्सेल, एक पिक्सेल 4.3 मायक्रॉन, रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल 14 बिटची आणि साधारण 25 एमबीची. शटर रिमोटचं भोक 2.5 मिमीचं, यूएसबी जुन्या मिनी-बी प्रकारची. मागचा स्क्रीन बाहेर वळतो. ही शेवटची सोय ट्रॅकरवर कॅमेरा आकाशाकडे तोंड करून बसला की मानेचे हाल वाचवते; जवळपास याच दर्जाच्या 550डीपेक्षा 600डी घ्यावा तो एवढ्याचसाठी.

आता मुद्द्याचं. ‘मॉडिफाय केलेला’ एवढ्यावर विश्वास ठेवून पैसे देऊ नयेत, कारण या शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

सेन्सरसमोर दोन काचा असतात. पुढची धूळ झटकणारी. तीच अतिनील आणि अवरक्त बऱ्यापैकी अडवते. मागची ती निळसर, रंग दुरुस्त करणारी. हौशी मंडळी त्यांना एलपीएफ-1 आणि एलपीएफ-2 म्हणतात. पहिला प्रकार म्हणजे फक्त एलपीएफ-2 काढणं आणि तिच्या जागी काही न बसवणं. दुसरा, एलपीएफ-2 काढून तिथे हायड्रोजन-अल्फा पूर्ण सोडणारी नवी काच बसवणं. बाडर कंपनीची काच यासाठी बरीच वापरली जाते. तिसरा, दोन्ही काचा काढून कॅमेरा ‘फुल स्पेक्ट्रम’ करणं.

तिसरा प्रकार ऐकायला सगळ्यात दमदार वाटतो आणि लेन्सवाल्यांना सगळ्यात जास्त त्रास देतो. लेन्स असो वा छोटी अपवर्तक दुर्बीण, तिची काच दृश्य प्रकाशासाठी बनवलेली असते. अवरक्त प्रकाश तिच्यातून वेगळ्याच जागी फोकस होतो. त्यामुळे प्रत्येक ताऱ्याभोवती फुगीर धुरकट कडं येतं आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही. मग यूव्ही-आयआर कट फिल्टर वेगळा घ्यावा लागतो; म्हणजे काढलेली काच पुन्हा विकत घेण्यासारखंच. शिवाय पुढची काच गेली की धूळ झटकण्याची सोयही गेली. न्यूटोनियन परावर्तक आणि आत कायमचा फिल्टर असं समीकरण असेल, किंवा दिवसा अवरक्त फोटोग्राफीही करायची असेल, तरच फुल स्पेक्ट्रमला अर्थ आहे.

पहिला प्रकार स्वस्त आणि बहुतेकांना पुरेसा. त्याची एकच मेख आहे: फोकस. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये काच असली की फोकसचं प्रतल काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकतं. काच काढली की ते पुढे येतं. एक मिलिमीटर जाडीची काच गेली तर 0.33 मिमी. आकडा किरकोळ वाटतो, पण एफ/2 वर फोकसला मोकळीक असते ती मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांची. आता लेन्सला अनंताच्याही थोडं पुढे जावं लागतं. 135 मिमी लेन्सला 0.33 मिमीची भरपाई म्हणजे अनंत ते 55 मीटर एवढ्या फोकसच्या प्रवासाइतकी. हल्लीच्या बहुतेक टेलिफोटो लेन्सना अनंतापुढे तेवढी जागा असते. 14 मिमी लेन्सला मात्र तेवढीच भरपाई अनंत ते साठेक सेंटिमीटर एवढ्या प्रवासाची, आणि तिथे रिंग आधीच अडकते. म्हणून काच न बसवलेल्या बॉडीवर वाइड लेन्स लावून तारे कधीच टोकदार येत नसतील तर लेन्सला दोष देऊ नका. दुर्बिणीला ही अडचण नाही. फोकसर (फोकस करायची सरकती नळी) अर्धा मिलिमीटर आत ढकलला की झालं.

व्ह्यूफाइंडरमधला ऑटोफोकसही यातच बिघडतो, कारण त्याचा सेन्सर आरशाखाली वेगळा बसलेला असतो आणि त्याला काच गेल्याचा पत्ता नसतो. 600डीमध्ये ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती करायची सोय नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये 10 पट मोठं करून हाताने फोकस करणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण हाच कॅमेरा घरच्या समारंभालाही वापरायचा बेत असेल तर दुसरा प्रकार घ्या. नवी काच मूळ काचेच्या ऑप्टिकल जाडीची असेल तर फोकस जागच्या जागी राहतो. माझं मत विचाराल तर हाच प्रकार सर्वांत शहाणा, फक्त काचेची किंमत कामाच्या मजुरीपेक्षा जास्त होते.

काम कसं केलंय हे ओळखायची जागा म्हणजे फ्रेमचे चार कोपरे. आत सेन्सरची पाटी तीन स्क्रूंवर बसते आणि त्यांच्याखाली बारीक स्प्रिंगा असतात. कारखान्यात हे स्क्रू फिरवून सेन्सर माउंटला समांतर केलेला असतो. उघडणाऱ्याने प्रत्येक स्क्रू किती फेऱ्यांनी निघाला हे लिहून ठेवलं नाही आणि परत लावताना सगळे सारखे घट्ट केले, की सेन्सर तिरका बसतो. लक्षण असं: लेन्स पूर्ण उघडी ठेवून मध्यभागी फोकस केला तर एका कोपऱ्यातले तारे टिपके आणि समोरच्या कोपऱ्यातले लांबट अंडी. एफ/5.6 वर हे झाकलं जातं, म्हणून विकणाऱ्याचे नमुना फोटो एफ/8 चे असतील तर त्यावर विसंबू नये. दुर्बिणीवर तपासायचं तर कॅमेरा नळीत 180 अंश फिरवा. खराब कोपरा फ्रेममध्ये तिथेच राहिला तर दोष कॅमेऱ्यात. समोरच्या कोपऱ्यात गेला तर फोकसरमध्ये किंवा फ्लॅटनरमध्ये (कडेचे तारे नीट आणणाऱ्या भिंगात).

स्वतः उघडणाऱ्यांसाठी एकच इशारा, पण तो हलक्यात घेऊ नये. फ्लॅशचा कपॅसिटर सुमारे 300 व्होल्ट धरून असतो, बॅटरी काढल्यावरही. वरचं कव्हर निघालं की तो आधी रेझिस्टरमधून रिकामा करायचा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचा नाही. बाकीचं नुकसान होतं ते रिबन केबल काढताना त्यांच्या कुलपाची कड मोडून आणि दोन काचांच्या मध्ये धूळ अडकून. मधली धूळ बाहेरून पुसता येत नाही, पुन्हा सगळं उघडावं लागतं. घरात पंखा बंद, बाथरूममध्ये गरम पाणी सोडून धूळ बसू दिलेली, हातात ग्लोव्ह्ज, एवढं तरी हवंच. मोबाइल दुरुस्तीचा हात बसलेल्या माणसाला हे काम जमतं. पहिल्यांदाच स्क्रूड्रायव्हर धरणाऱ्याने मजुरी द्यावी.

पहिला फोटो मागच्या स्क्रीनवर पाहिला की नवखा माणूस दचकतो: सगळं विटकरी-गुलाबी. घाबरायचं कारण नाही. पांढऱ्या कागदाचा किंवा राखाडी कार्डाचा दिवसा फोटो घेऊन कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्स लावला की स्क्रीनवरचं चित्र बरंच ताळ्यावर येतं. रॉ फाइलवर याचा काही परिणाम होत नाही, रंग शेवटी सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरूनच बसवायचे असतात. तरीही व्हाइट बॅलन्स लावावा, कारण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) त्यावरच ठरतो आणि एक्स्पोजर त्यावरून ठरतं. मॉडिफाय केलेल्या कॅमेऱ्यात लाल चॅनल इतर दोघांच्या पुढे धावतो. एकत्रित हिस्टोग्राम बघून ‘अजून जागा आहे’ म्हणणाऱ्यांच्या फ्रेममध्ये ज्येष्ठा किंवा काक्षीसारखे तारे लाल चॅनलमध्ये सपाट झालेले असतात. आरजीबी हिस्टोग्राम लावा, लालचा डोंगर डावीकडून पाव ते एक तृतीयांशावर आणा आणि तिथेच थांबा.

सेटिंग्जमध्ये फारसं गूढ नाही. रॉ, आयएसओ 800, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, इमेज रिव्ह्यू बंद, ऑटो पॉवर ऑफ बंद, बल्ब मोड (शटर हवं तितका वेळ उघडं), इंटरव्हलोमीटर (ठरल्या वेळी आपोआप फोटो घेणारा रिमोट). नॉइज रिडक्शन चालू राहिलं तर प्रत्येक तीन मिनिटांच्या फ्रेमनंतर कॅमेरा तीन मिनिटं स्वतःशीच बसतो आणि अर्धी रात्र वाया जाते. आयएसओ 1600 ला सावलीतला नॉइज (दाणेदारपणा) किंचित कमी होतो, पण ताऱ्यांचे रंग लवकर जळतात. 800 हाच समतोल. 3200 ला काही मिळत नाही.

एक्स्पोजरचे आकडे आकाशावर ठरतात. बऱ्यापैकी अंधाऱ्या गावाकडच्या आकाशात 135 मिमी एफ/2.8 वर 90 ते 120 सेकंद, 72 मिमीच्या छोट्या अपवर्तकावर, म्हणजे एफ/5.8 च्या आसपास, तीन ते चार मिनिटं. एकूण वेळ किमान तीन तास धरा. चौपट हायड्रोजन मिळाला म्हणून चाळीस मिनिटांत भागेल असं समजणारे पुष्कळ आहेत; चाळीस मिनिटांत रोझेट दिसतो, पण त्याच्या कडेचे धूसर पदर येत नाहीत.

या कॅमेऱ्याची खरी कमजोरी उष्णता आहे, आणि आपल्याकडे ती कमजोरी दुप्पट जाणवते. सेन्सरमधला डार्क करंट, म्हणजे अंधारातही उष्णतेने साचणारा खोटा सिग्नल, साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. डिसेंबरात जुन्नर-अकोल्याच्या बाजूला रात्री पारा 12 वर असताना घेतलेली फ्रेम आणि मेमध्ये 30 अंशांवर घेतलेली फ्रेम यांच्यात 18 अंशांचा, म्हणजे आठपट डार्क करंटचा फरक पडतो. त्यातून येणारा दाणेदारपणा पावणेतीनपट. सेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा आणखी गरम चालतो ते वेगळंच. कॅनन प्रत्येक रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याचं तापमान लिहून ठेवतो. एक्झिफटूल या प्रोग्रॅमने ते वाचता येतं. रात्रभराच्या फ्रेम लावून पाहिलं तर पहिल्या अर्ध्या तासात पारा चढतो आणि मग स्थिरावतो. डार्क फ्रेम (झाकण लावून तेवढ्याच वेळेच्या, नंतर वजा करायच्या फ्रेम) घ्यायच्या त्या या स्थिर तापमानाला, दोन-तीन अंशांच्या आत. पहाटे गाडीत सामान भरताना झाकण लावून घेतलेल्या पंचवीस डार्क चालतात. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात घेतलेल्या नाहीत.

उष्णता कमी ठेवायला दोन बिनखर्चाच्या गोष्टी: वळणारा स्क्रीन बॉडीपासून उघडून बाजूला ठेवायचा म्हणजे पाठ मोकळी राहते, आणि फोकस झाल्यावर लाइव्ह व्ह्यू लगेच बंद करायचा. दोन फ्रेमच्या मध्ये 15-20 सेकंदांची विश्रांती दिली तरी थोडा फायदा होतो.

दुसरा दोष पट्ट्यांचा. या पिढीच्या कॅननमध्ये सावलीतल्या भागात आडव्या-उभ्या पुसट पट्ट्या असतात. एका फ्रेममध्ये दिसत नाहीत, पण शंभर फ्रेम एकावर एक रचून तेजोमेघ ताणायला (उजळून काढायला) घेतला की जाळीसारख्या वर येतात. उपाय एकच, डिदरिंग: दर दोन-तीन फ्रेमनंतर ट्रॅकर किंचित हलवून चित्र सेन्सरवर दहा-बारा पिक्सेल सरकवायचं, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने. लॅपटॉपवर पीएचडी2 आणि एपीटी ही सॉफ्टवेअर असतील तर हे आपोआप होतं. स्टार ॲडव्हेंचररसारख्या साध्या ट्रॅकरवर हाताने करावं लागतं, दर पंधरा-वीस मिनिटांनी बटणाने थोडा धक्का. कंटाळवाणं आहे, पण डार्क फ्रेम नसल्या तरी एक वेळ चालेल, डिदरिंग नसेल तर या कॅमेऱ्यावर चालत नाही.

कोणत्या लेन्सवर किती आकाश बसतं? 135 मिमीवर साधारण 9.4 × 6.3 अंश, 200 वर 6.4 × 4.3, 400 वर 3.2 × 2.1. अश्वमुख आणि फ्लेम एकत्र घ्यायचे तर 400 छान. अडीच अंश लांबीचा कॅलिफोर्निया 200-250 वर ऐसपैस बसतो. बर्नार्डच्या कमानीला 50 मिमीच हवा. लेन्स निवडताना प्राइमच (झूम नसलेलीच) घ्या. सॅमयांग 135 मिमी एफ/2 किंवा जुना कॅनन 200 मिमी एफ/2.8 एल, दोन्ही एक स्टॉप बंद करून, या बॉडीबरोबर सर्वांत चांगले जमतात. जुने स्वस्त 75-300 झूम टाळावेत. काच काढल्यानंतर गडद लाल जास्त पोहोचतो, त्यामुळे लाल रंग नीट फोकस न करणाऱ्या लेन्सचं पितळ स्टॉक (काच न काढलेल्या) कॅमेऱ्यापेक्षा इथे लवकर उघडं पडतं.

महाराष्ट्रातून बघताना वेळापत्रक पावसाळा ठरवतो. हंस तारकासमूहातला नॉर्थ अमेरिका मध्यरात्री सर्वांत वर येतो तो ऑगस्टच्या सुरुवातीला, नेमका ढगांत. म्हणून त्याला दोनच खिडक्या: एप्रिल-मेची पहाट, किंवा नोव्हेंबरातली संध्याकाळ, जेव्हा साडेसातला तो वायव्येला पन्नास-पंचावन्न अंशांवर असतो आणि दहापर्यंत तीसवर उतरतो. एका रात्रीत अडीच तासच मिळतात, दोन-तीन रात्री जोडाव्या लागतात. मृगातलं सगळं आणि त्याच्या पूर्वेचा रोझेट हे मात्र आपल्या हक्काचे: डिसेंबर-जानेवारीत थंड हवा, कोरडं आकाश, रोझेट 75 अंशांच्या वर. या कॅमेऱ्याने पहिला विषय कोणता घ्यावा असं विचारलं तर रोझेटच. त्यात काच काढल्याचा फायदा सर्वांत ठसठशीत दिसतो. मृगाचा मोठा तेजोमेघ उलट फसवा. तो इतका तेजस्वी आहे की स्टॉक कॅमेऱ्यावरही छान येतो आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. धनू राशीतला लगून एप्रिलअखेर पहाटे चारला मध्यमंडलावर, म्हणजे त्याच्या सर्वांत उंच जागी, 47 अंशांवर येतो. तेव्हा रात्री उकडत असतं आणि वर लिहिलेला डार्क करंटचा हिशोब आठवतो.

अगस्त्याच्या पूर्वेकडचा कॅरिना तेजोमेघ उत्तरेकडच्या छायाचित्रकारांना दिसतही नाही. पुण्याहून तो जेमतेम 12 अंश वर येतो, गोव्यातून 15. बारा अंशांवर प्रकाशाला डोक्यावरच्या मानाने पावणेपाचपट हवा कापावी लागते. तरीही तो इतका ठळक आहे, आणि लाल प्रकाश हवेत निळ्यापेक्षा कमी विखुरतो म्हणून मॉडिफाय केलेल्या कॅमेऱ्यावर इतका बरा येतो, की दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा सापडली तर मार्च-एप्रिलमध्ये सोडू नये.

ध्रुवतारा आपल्याकडे 16 ते 22 अंशांवरच असतो. उत्तरेला डोंगर किंवा इमारत असेल तर ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाशी जुळवणं अडतं, हे जागा ठरवतानाच बघावं. मोठ्या विषुववृत्तीय माउंटवर इतक्या कमी अक्षांशाला वजनाचा दांडा स्टँडच्या पायाला टेकू शकतो. रात्री अंधारात कळण्याआधी दिवसा एकदा फिरवून पाहावा.

शहरातून हे जमतं का? जमतं, फिल्टर लावून. पूर्वी सोडियमच्या पिवळ्या दिव्यांवर सीएलएस प्रकारचे फिल्टर चांगले चालत. एलईडी दिवे आल्यापासून त्यांचा दम गेला, कारण एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. आता उपयोगी ते दोन पट्टे सोडणारे फिल्टर. ऑप्टोलाँगचा एल-एन्हान्स हायड्रोजन-अल्फाभोवती 10 नॅनोमीटरचा पट्टा सोडतो, एल-एक्स्ट्रीम 7 चा. इथे काच काढलेला कॅमेरा अनिवार्य होतो. स्टॉक कॅमेऱ्यावर असा फिल्टर लावणं म्हणजे उरलेल्या पाव हिश्श्यावर पाच-पाच मिनिटं घालवणं. दोन अटी: एफ/2 वर लेन्स उघडी ठेवली तर तिरक्या किरणांमुळे पट्टा सरकतो आणि हवा तोच प्रकाश कापला जातो, म्हणून एफ/2.8 ते 4 ठेवावं. आणि बॉडीच्या आत बसणारे क्लिप फिल्टर ईएफ-एस लेन्सबरोबर चालत नाहीत, त्यांचा मागचा भाग आत घुसतो. ईएफ लेन्स किंवा दुर्बीण लागते. ज्यांना फिल्टरपेक्षा प्रवास परवडतो त्यांनी अंधार शोधावा. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली ती उगाच नाही.

मूळ एलपी-ई8 बॅटरी 1120 एमएएचची, थंडीत दोन-अडीच तासांपलीकडे भरवसा ठेवू नये. आणि बॅटरी बदलताना कॅमेरा हलला की फ्रेमिंग गेली. डीआर-ई8 प्रकारची नकली बॅटरी आणि 12 व्होल्टवरून साडेसातच्या आसपास व्होल्ट देणारा कन्व्हर्टर घ्यावा. कन्व्हर्टरचा व्होल्टेज मीटरने तपासल्याशिवाय कॅमेऱ्याला जोडू नये. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दव भरपूर पडतं, लेन्सला हीटरची पट्टी लागतेच.

प्रोसेसिंगमध्ये सिरिल पुरेसं आहे आणि फुकट आहे. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) चुकवू नयेत. उघडलेल्या कॅमेऱ्यात धुळीचे वर्तुळाकार डाग थोडे जास्तच असतात. फ्लॅट घेतानाही लाल चॅनल आधी भरतो, म्हणून हिस्टोग्राम मधोमध आहे हे लालमध्ये बघा. बायस (झाकण लावून सर्वांत कमी वेळेच्या) फ्रेम पन्नास, 1/4000 सेकंदावर. दोन-पट्टी फिल्टर वापरला असेल तर सिरिलमधली हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढणारी स्क्रिप्ट चालवा, पण एक लक्षात असू द्या: लाल पिक्सेल चारांत एकच, म्हणजे हायड्रोजनच्या चित्राला 18 नव्हे, साडेचार मेगापिक्सेलच मिळतात. डिस्कवर जागा ठेवा. तिन्ही रंगांत उलगडलेली एक फ्रेम 32 बिटमध्ये सुमारे 216 एमबीची होते, ऐंशी फ्रेम म्हणजे 17 जीबी, आणि हे फक्त एका टप्प्याचं.

काय मिळत नाही तेही स्पष्ट असावं. कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं परावर्तित प्रकाशाचं, त्याला काडीचा फरक पडत नाही. देवयानी दीर्घिकेत काही लाल ठिपके उठून येतात, बस्स. डंबेलसारख्या ग्रहीय तेजोमेघांचा बराच प्रकाश ऑक्सिजनच्या 500.7 नॅनोमीटरच्या हिरवट रेषेचा, तो स्टॉक कॅमेराही पकडतो.

पर्याय आहेत. झेडडब्ल्यूओचा एएसआय533एमसी प्रो सेन्सर हवेपेक्षा पस्तीसेक अंशांनी थंड ठेवतो, डार्क फ्रेमची भानगड एकदाच मिटवतो, आणि नॉइजच्या बाबतीत 600डीला सहज मागे टाकतो. पण तो कितीतरी पट महाग, सेन्सर फक्त 11.3 मिमीचा चौकोन, आणि लॅपटॉप किंवा छोटा कंट्रोलर कायम जोडलेला लागतो. मोटरसायकलवरून एक ट्रॅकर, एक लेन्स आणि एक बॉडी घेऊन जाणाऱ्याला 600डीच सोयीचा. सीस्टार एस50 सारखी सगळं स्वतः करणारी दुर्बीण नुसतं बघायचं आणि दाखवायचं असेल तर उत्तम. तिच्या चित्राचा आकार 1080 × 1920, त्यातून भिंतीवर लावायचा मोठा प्रिंट निघत नाही. आधीच 600डी, 60डी किंवा 550डी घरात पडून असेल तर मॉडिफाय करून घेणं हा या छंदातला सर्वांत फायद्याचा खर्च. नवी सुरुवात करणाऱ्याकडे ट्रॅकरपुरतेच पैसे असतील तर आधी ट्रॅकर, स्टॉक कॅमेऱ्यावर एक हिवाळा, मग काच.

सेकंडहँड घेताना शटर काउंट (शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा) फाइलमध्ये दिसत नाही. यूएसबीने जोडून जीफोटो2 सारख्या प्रोग्रॅमने विचारावा लागतो. कोणती काच काढली, जागी कोणती बसवली, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. एफ/22 वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून धूळ बघा: ब्लोअरने न हलणारा डाग काचांच्या मधला. लेन्स पूर्ण उघडी ठेवून ताऱ्यांचे चार कोपरे बघा. आणि बॉडीचं झाकण लावून आयएसओ 1600 वर पाच मिनिटांची एक डार्क फ्रेम तिथेच घ्या, रॉमध्ये घरी नेऊन ताणा; एखाद्या कडेने लालसर प्रकाश शिरताना दिसला तर कव्हर नीट बसलेलं नाही किंवा आत काहीतरी तापतंय, आणि ती बॉडी कितीही स्वस्त असली तरी परत करा.